अखंड आस

फार्मिंग्टनच्या बाहेर, डांबर संपतं
आणि पाइपलाइनवाल्यांचं कुंपण सुरू होतं
तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये
पंच्याऐंशी सालचा ट्रक चार ठोकळ्यांवर उभा आहे,
चाकं उतरवलेला,
आंघोळीआधी उघडाबंब थांबलेल्या पोरासारखा.

मी हार्लन किन्ताना.
दिवसा कंपनीच्या नळांना सांधे देतो, रात्री याला.

नव्या गाड्यांची चाकं आपापली उठतात, आपापली बसतात,
कुणाचं कुणाला सोयरसुतक नाही.
याचं तसं नाही. एकच आस,
या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लोखंड.
डावं चाक चढलं की उजव्याला दबावंच लागतं.
जुनाट, म्हणतात लोक. हायवेवर हाडं खिळखिळी करतो.
करतो.
पण दगडावर चढलेल्याचाच भार
खालच्याला जमीन सोडू देत नाही.

मार्चमध्ये आसाखालचे कमानपाटे आसावर घेतले.
पाच इंच उंची फुकटात, असं मी कॉर्लिसला सांगितलं.
मग स्टिअरिंगचा दांडा पाट्याला घासू लागला,
शाफ्टचा कोन बिघडला,
ब्रेकची नळी वीतभर आखूड पडली.
ती सोळा वर्षांची. बादलीवर बसून म्हणाली,
"फुकट संपलं का?"

एप्रिलमध्ये मागच्या डिफरन्शियलचे दात
एकमेकांत वेल्ड करून टाकले.
आता दोन्ही चाकं फिरतील तर बरोबरच.
किराणा दुकानाच्या वळणावर आतलं चाक
फरफटत किंचाळतं.
शेजारची युलालिया ओसरीवरून ओरडते,
"हार्लन, तुझा ट्रक स्वतःशीच भांडतोय!"

आणि शेवटी एका ट्रान्सफर केसच्या पाठीला दुसरी जोडली.
इंजिन दोनशे वेळा फिरेल
तेव्हा चाक एकदा.
फोरमन रोज म्हणतो, आटप, आटप.
दोन महिन्यांचा ओव्हरटाइम घालून
मी उशीर विकत घेतला.

चोकचेरीच्या खोऱ्यात, रविवारी,
टायरमधली हवा आठ पौंडांवर सोडली.
फुगीर रबर सैलावलं, दगडाच्या कडेला बिलगलं.
समोर कॉर्लिस, माझ्याकडे तोंड करून, उलट चालत.
बॉनेटच्या पुढे मला नुसतं आकाश.
जमीन तिच्या बोटांत होती.
डावीकडे. अजून. थांब. आता ये.

तिसऱ्या पायरीवर मला राहवलं नाही,
पाय जरा जास्त पडला.
टक्क.
पुढच्या चाकातला सांधा
अक्रोडासारखा फुटला.

ती काही बोलली नाही. जॅक लावला,
वाळूत उताणी झाली,
काडतुसांच्या जुन्या डब्यातून नवा सांधा काढला,
मला नकळत तिनं तो आधीच ग्रीस भरून ठेवला होता.
तासभर फक्त पान्याचा आवाज,
आणि एक कावळा.
मग कोपरापर्यंत काळे हात पँटला पुसत
तिनं चावीसाठी तळवा पुढे केला.

आता समोर मी.
हात असे हलवत होतो
जणू अंगणातल्या कोंबड्या हाकलतोय. ओरडतही होतो.
तिनं काच खाली केली.
"बोटं, बाबा. फक्त बोटं."

मी ओरडणं गिळलं. एक बोट वाकवलं.
ट्रक कलंडला, मागचं एक चाक अधांतरी,
पुढचं दगड चाचपत, चाचपत,
रबराचा बारीक करकर आवाज,
आणि तिचे डोळे दगडावर नाहीत, माझ्या हातावर.

ती इंचाइंचानं वर येत गेली.
मी एकेक पाऊल मागे,
पाठीमागे काय आहे ते न बघता.